पाखरं तू वाढवली नाहीस

दामू,

तुझी बातमी मला कोणी घरी येऊन सांगितली नाही. जव्हारच्या बाजारात मिठाच्या दुकानापुढे दोन माणसं बोलत उभी होती, त्यांच्या बोलण्यातून ती कानावर आली.

"तो मास्तर मेला. तिकडं पोशेऱ्याला."

"कोन मास्तर?"

"तोच रं, पाखरां वाढवून लिवनारा."

"हां, तो होय."

एवढं बोलून झालं आणि ते दुकानदाराशी मिठाच्या भावावरून हुज्जत घालू लागले. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. तिथल्या तिथे त्यांचं बोलणं खोडून काढायला हवं होतं. नाही काढलं. मीही मीठ घेतलं आणि घरी आलो. ही म्हणाली, "चेहरा असा का झालाय?" मी म्हटलं, "ऊन लागलं." तू गेलास हे तिला सांगायला मला संध्याकाळ व्हावी लागली.

हे सगळ्यात आधी सांगतो, म्हणजे तुझ्यामागे मी फार मोठा शोक केला असा तुझा समज व्हायला नको.

पाखरं तू वाढवली नाहीस. मी वाढवली. तुला ते ठाऊकच आहे. पण हे इतर लोकही वाचतील, तेव्हा तुला ठाऊक असलेलं तुलाच पुन्हा ऐकावं लागणार. मागच्या रांगेतल्या पोरासाठी धडा दोनदा सांगायची तुला सवय होती. तेवढं सोसून घे.

संस्थान विलीन झालं आणि माझं दप्तर बंद झालं. आमच्यातले तरणे कारकून नव्या सरकारच्या नोकरीत गेले. माझ्यासारख्यांना वय झालं म्हणून घरी बसवलं. उभी हयात गावोगावचे तक्ते करण्यात गेलेली. कुठल्या गावचं भात किती, नागली किती, गवत किती, आणि सगळ्यात खाली एकूण बेरीज. बेरीज नसेल तर वरून कागद परत येई. आता ना कागद, ना कोणी परत पाठवणारा. मी ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्यांना उगाच "कुठे निघालात?" म्हणून विचारत असे. लोक टाळायला लागले होते.

तू मात्र दर रविवारी यायचास. जामसरच्या पलीकडच्या खोऱ्यात, मधल्या पाड्यावर तुझी शाळा. तिथून पायी जव्हार गाठायचास आणि ओट्याच्या पायरीवरूनच ओरडायचास, "दिवाणजी आहेत का घरात?" मी कारकुनाचा कधी हेडकारकूनसुद्धा झालो नाही. पण आपण शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासून तुझी जीभ अशीच. मी तुला पाखरमास्तर म्हणायचो. त्या नावाचं पुढे काय होणार आहे ते मला कळलं असतं तर जीभ चावली असती.

एका रविवारी तू म्हणालास, "दिवाणजी, तुझ्याजोगं काम आणलंय. पगार नाही. मान तर नाहीच नाही."

"मग आहे काय?"

तू खांद्यावरचं गाठोडं ओट्यावर सोडलंस. ढीगभर चिंचोके. आतून ही बघत होती. म्हणाली, "भावोजी, आता चिंचोके दळून खायची पाळी आलीय का आमच्यावर?"

"वहिनी, ही पाखरं आहेत," तू म्हणालास. "एक चिंचोका, एक पाखरू."

वाचणाऱ्यांसाठी इथे थांबून सांगतो. त्या खोऱ्यातल्या ओहळाच्या काठानं हिरव्या देवाची राई होती. उंबर, वड, पिंपळ, सगळी जुनी झाडं. फळं धरली की तिथे हरियाल उतरायची, ती पिवळ्या पायांची हिरवी पारवी. विलीनीकरणानंतर पलीकडचा डोंगर तोडून तिथे कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि हरियाल कमी दिसायला लागली. मधल्या पाड्याचा कारभारी देवजी तुला म्हणाला होता, "मास्तर, आमी फासं लावतो म्हनून कमी झाली, का डोंगर उघडा पडला म्हनून?" तू त्याला म्हणालास, "मला नाही माहीत. फासे बंद करा आणि मोजू या. मग कळेल." आणि त्या लोकांनी ते मानलं. ज्यांच्या घरी महिनोन् महिने कालवण नसतं, त्यांनी आपल्या हातानं फासे आणून देवापाशी टांगले. सरकारनं सांगितलं म्हणून नाही, कोणी दंड ठेवला म्हणून नाही. त्यांचं त्यांनी ठरवलं.

मोजायचा दिवस अमावास्या. त्या दिवशी नांगर जुंपत नाहीत, माणसं मोकळी असतात. झाडाखाली बसायचं, पाखरू येऊन बसलं की ओच्यातला एक चिंचोका टोपलीत टाकायचा. टोपलीतले चिंचोके फडक्यात बांधून मास्तरांकडे. पुढचं काम माझं. मोजायचे, महिन्यावार मांडायचे, कमी-जास्त काढायचं आणि काय दिसतं ते सांगायचं.

दामू, ते एक वर्ष माझ्या म्हातारपणातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू काहीतरी वाकडं बोलला असतास आणि मी चिडलो असतो, म्हणून राहिलं. रविवारी ओट्यावर फडकं पसरायचं, तू एका बाजूनं, मी एका बाजूनं. तू मोजताना मध्येच बोलायचास आणि आकडा विसरायचास. मी म्हणायचो, "दामू, तुला पोरं शाळेत ठेवतात तरी कशाला?" तू म्हणायचास, "पोरांना ठाऊक आहे, गणिताला तू आहेस म्हणून." मी पुन्हा रेघा मारायला लागलो होतो, दौत भरून ठेवायला लागलो होतो. रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारणं बंद झालं.

पहिल्या वर्षी मोजलं फक्त मधल्या पाड्यानं. दुसऱ्या वर्षी वरचा आणि खालचा पाडाही चिडून मोजायला लागला. "मधल्यांचीच पाखरां मोजता, आमची काय मेली?" खालच्या पाड्याची लाडकी म्हातारी तुझ्याशी शाळेच्या दारात भांडली, ते तू मला नक्कल करून दाखवलं होतंस. मग एकाच्या जागी तीन फडकी यायला लागली. ही म्हणाली, "पाखरं वाढली वाटतं." तू म्हणालास, "वहिनी, फडकी वाढली."

हिला तेव्हाच कळलं. मला नाही.

कळलं नाही असंही नाही. तू मला चांगलं समजावून दिलं होतंस. एका अमावास्येला तू पहाटे वरच्या पाड्याला गेलास. हरियालांचा थवा तिथल्या मोठ्या वडावर रात्रीची वस्ती करतो. उजाडताना वरच्यांनी तो मोजला. तिथून थवा उठला तो ओहळाच्या काठानं मधल्या पाड्याच्या उंबरांवर. तू खालून त्याच्यामागे निघालास. मधल्यांनी मोजला. ऊन वर आल्यावर तो खालच्या पाड्याला, आणि तू त्याच्यामागे तिथे. लाडकीनं मोजला. त्याच दुपारी तू माझ्या ओट्यावर आलास. धोतराला कुसळं, पायाला चिखल, आणि तोंडभर हसू.

"दिवाणजी, पाखरू एकच. मोजणारे तीन."

मी म्हटलं, "तिन्ही गावांचे आकडे वेगळे आलेत. मग बेरीज नको?"

"भाताची कर. भात उठून शेजारच्या गावात जात नाही. पाखराला सातबारा नसतो रे."

"मग दोन पाड्यांचं मोजणं फुकट? लोक पहाटेपासून झाडाखाली बसतात आणि मी त्यांचे आकडे टाकून देऊ?"

"टाकू नको. पण मिळवू पण नको. मधल्याचं मागल्या वर्षीचं आणि मधल्याचं यंदाचं, एवढंच शेजारी ठेव आणि बघ."

मधल्या पाड्याची यंदाची फडकी हातात धरली तरी हलकी लागत होती. ते मलाही कळत होतं. पण आपला वाद त्या दिवशी मिटला नाही. तू म्हणालास, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी तुला हिवताप चढला आणि तू आला नाहीस. तो वाद तिथेच पडून आहे. आता उत्तर द्यायला तू नाहीस, आणि माझ्याकडे प्रश्न उरलेला नाही.

त्याच सुमाराला राईत कूप पडलं, म्हणजे सरकारनं ती तोडीसाठी आखली. झाडांवर हातोड्याच्या खुणा उठल्या. देवजी आणि तू मिळून जंगलाच्या साहेबांकडे गेलात. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "देव आहे म्हणून राई सोडा, असं मला वर लिहिता येत नाही. पण तोडीमुळे पाखरं घटली असं दोन सालांच्या आकड्यांनी दाखवा, मी राई वगळायची शिफारस करतो." तू अर्ज लिहिलास, खाली सही केलीस, मध्ये तक्त्यासाठी जागा सोडलीस, आणि तापातच माझ्याकडे पाठवून दिलास. मी तुला बघायला आलो तर पांघरुणातून म्हणालास, "मधल्या पाड्याचेच आकडे भर. बाकीचे दोन लिहूच नको."

मी म्हटलं, "बरं."

दामू, मी तुला बरं म्हटलं आणि घरी येऊन वेगळं केलं. का केलं त्याची मी इतकी वर्षं अनेक कारणं काढली. एका गावाचा तक्ता मला उघडा वाटला. तिन्ही पाड्यांच्या लोकांचे कष्ट त्यात दिसायला हवेत असं वाटलं. पाखरांची संख्या जितकी मोठी तितकी राईची किंमत साहेबाला जास्त वाटेल, असंही वाटलं. संस्थानात असंच चालायचं, मोठ्या आकड्याकडे लक्ष जायचं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. खरी गोष्ट एवढीच की विलीनीकरणानंतर पहिल्यांदा माझ्या हातचा तक्ता कचेरीत जाणार होता आणि मला तो माझ्या पद्धतीनं करायचा होता. मी तीन पाडे मांडले. खाली बेरीज घेतली. आणि हातानं आपोआप जुने रकाने आखले, मागील साल, चालू साल, वाढ अथवा घट. मागील सालात एक पाडा, चालू सालात तीन. शेवटच्या रकान्यात मी सुंदर अक्षरात लिहिलं, वाढ.

लिहिताना माझा हात थांबला नाही. वाचून पाहिलं तेव्हाही मला काही खटकलं नाही. अक्षर चांगलं आलं आहे, एवढंच वाटलं.

पुढे साहेब पाड्यावर आला तो दिवस. तू नुकता बरा झाला होतास, शाळेच्या भिंतीला टेकून उभा होतास. तिन्ही पाड्यांचे लोक जमले होते, मीही जव्हारहून आलो होतो. साहेबानं कागद काढला आणि विचारलं, "मास्तर, ही सही तुमची?"

"माझी."

"मग हे काय? तुम्हीच लिहिलंय, वाढ. पलीकडचा डोंगर तोडून पाखरं वाढली असतील, तर राई तोडल्यावर आणखी वाढतील." लोकांना ते विनोदासारखं वाटलं नाही. साहेबालाही वाटलं नसावं. तो हसला नाही.

देवजी म्हणाला, "मास्तर, काय लिवला तुमी?"

तू कागद हातात घेतलास. माझं अक्षर ओळखायला तुला पाहावंही लागलं नसेल. मग तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मी छत्रीची मूठ बघत होतो. छत्रीच्या मुठीत बघण्यासारखं काय असतं, दामू? मी ती बघत होतो.

"सही माझी आहे, साहेब," तू म्हणालास. "पण हिशेब चुकलाय. एकच थवा तीनदा धरला गेलाय."

आणि तिथे लाडकी उसळली. "आमी खोटा मोजला काय रं? पहाटंपासून बसलू, मानेला कळ लागली, आन तू सांगतो चुकला?"

"तुम्ही नाही चुकलात, आजी."

"मंग कोन चुकला?"

या प्रश्नाला तिथे दोनच उत्तरं होती. एक तुझं नाव आणि एक माझं. तू गप्प राहिलास. मी पाच पावलांवर होतो. नुसतं "मी" म्हणायचं होतं. तेवढं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. माझी अशी कल्पना होती की थोड्या वेळानं, सगळे शांत झाल्यावर, साहेबाला बाजूला घेऊन नीट समजावून सांगू. जन्मभर कचेरीत असंच केलं होतं, चारचौघांत कधी चूक कबूल करायची नाही. थोड्या वेळानं साहेब निघून गेला होता.

राई त्याच हिवाळ्यात तुटली. तोडायला मजूर लागले, आणि मजूर तिथलेच होते. ज्यांनी फासे टांगले होते त्यांनीच कुऱ्हाडी घेतल्या. त्यांना दोष देणारा मी कोण? तू तर त्यांना कधी काही बोलला नाहीस. पण ते तुला बोलायला लागले. मास्तर तोडीच्या ठेकेदाराला मिळाला. मास्तरानं पाखरं वाढवून लिहिली आणि वर आम्हालाच खोटं पाडलं. भांडण कोणी केलं नाही, त्या लोकांची ती रीत नाही. फक्त पोरं शाळेत यायची बंद झाली. तू घराघरात हाक मारत फिरायचास आणि आतून उत्तर यायचं, "रानात गेला." काही दिवसांनी तू मोखाड्याकडे, पोशेऱ्याला बदली मागून घेतलीस. निघताना पोचवायला कोण आलं होतं, ते मी तुला विचारलं नाही. मी आलो नव्हतो.

पोशेऱ्याला मी तुझ्याकडे वर्षातून एखादी खेप घालायचो. जाताना दर वेळी ठरवून जायचो की आज बोलायचं. एकदा सुरुवातही केली, "दामू, तो कागद..." तू म्हणालास, "वहिनींचा दमा कसा आहे?" मी दम्याबद्दल बोललो. घराच्या मागच्या उंबराखाली तू अमावास्येला एकटाच बसायचास, हे मला तुझ्या शेजाऱ्याकडून कळलं. मी विचारलं, "किती येतात रे?" तू म्हणालास, "बसतात तेवढी." आकडा तू मला परत कधी दिला नाहीस. तू माझ्यावर एवढाच राग काढलास, आणि तो मला रास्त वाटला. पण तरीही मी आलो की भाकरी टाकायचास, स्वतःची घोंगडी मला द्यायचास, आणि "दिवाणजी" म्हणायचास तेव्हा आवाज जुनाच असायचा. या गोष्टीसाठी तुझे आभार कसे मानायचे ते मला आजही कळत नाही. तू शिव्या दिल्या असत्यास तर माझं काम सोपं झालं असतं.

मागच्या वर्षी मात्र तू स्वतः बोललास. आपण अंगणात बसलो होतो. मध्येच म्हणालास, "माझं जाऊ दे. मी कुठेही शिकवीन. पण त्या लोकांच्या मनात आता एक बसलंय, की मोजलं म्हणून राई गेली. पुन्हा कधी ते काही मोजणार नाहीत. कोणी मोजायला सांगितलं तर त्याला हाकलून देतील. तेवढं तू जाऊन सांग त्यांना. मोजणं त्यांचं खरं होतं, असं सांग. बेरीज चुकली होती म्हणून सांग."

"कोणी केली ते पण सांगू?" मी विचारलं.

"ते तुझं तू बघ."

मी म्हटलं, "पाऊस सरला की जातो." पाऊस सरला, दिवाळी झाली, हिचा दमा वाढला, मग उन्हाळा झाला, मग पुन्हा पाऊस. या आश्विनात तुला पुन्हा ताप भरला. तो नेहमीसारखा उतरेल असं तुझ्या शेजाऱ्यालाही वाटलं होतं. कोणाला कळवण्याइतकं ते मोठं दिसलं नाही. दामू, तू फक्त एक काम सांगितलं होतंस.

या अमावास्येला गेलो. जामसरपर्यंत मालट्रक मिळाला, पुढे चालत. खोरं ओळखू येत नाही. ओहळ आहे, पण काठाला खुंट आणि घाणेरीची झुडपं. एकही हरियाल दिसलं नाही. मी वाट पाहत थांबलोही नाही, खरं सांगतो. पाड्यावर माणसं थोडी. तरणी माणसं गवत कापायला तिकडे वसईकडे गेलेली. देवजी होता, डोळ्यांनी अधू झालाय. लाडकी सुनेकडे आली होती. आणखी दहा-पाच म्हातारीकोतारी जमली. मी बसलोही नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. तुझा अर्ज, माझा तक्ता, मधल्या पाड्याचेच आकडे घे म्हणून तू दिलेली ताकीद, तीन पाड्यांची बेरीज, तो शब्द. साहेब आला त्या दिवशी मी गप्प राहिलो, तेही. तुमचं मोजणं एकदम खरं होतं, असंही सांगितलं.

मग देवजी म्हणाला, "भाऊ, तुमी लई भला मानूस."

मी म्हटलं, "देवजी, मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकला ना. मेल्या मानसाचा दोष आपल्या अंगावर घ्याला आलात, एवढ्या लांबून, या वयात. असा दोस्त कुनाला मिलतो?"

"अरे, तसं नाही. खरंच मी केलं. मास्तरांनी नाही."

लाडकी शांतपणे म्हणाली, "मास्तरानं नाय केला तर तो त्या दिवशी बोलला का नाय? मी इचारला व्हता, कोन चुकला. तो उभा राह्यला, बोलला नाय. चूक नसती तर मानूस बोलतो."

"तो माझ्यासाठी गप्प राहिला, आजी."

"तुमच्यासाठी? सगलं पाडं त्याच्यावर थुकलं, आन तो तुमच्यासाठी गप राह्यला?" ती हसली. चेष्टेनं नव्हे, समजूत घालावी तसं. "असा कुनी करतां काय, बाबा?"

मी देवाची शपथ घेतली. शपथ घेतल्यावर तर ते आणखीच हळवे झाले. कोणीतरी घोंगडी अंथरली. लाडकीच्या सुनेनं नागलीची भाकरी आणि चटणी आणली, मी नको म्हणत असताना माझ्यापुढे ठेवली. देवजी तिथल्या एकाला म्हणाला, "बघ, याला म्हनायचा दोस्तीचा मानूस." आणि मी भाकरी खाल्ली, दामू. भूक होती. खाता खाता एकदा म्हटलं, "पुन्हा मोजाल का?" देवजी म्हणाला, "कसाला? काय उरलाय मोजाला?" मग म्हणाला, "आन मोजून काय झाला ते बघितला ना."

तू सांगितलेलं एवढंही काम झालं नाही. तुझं गप्प राहणंच तिथे तुझ्याविरुद्धचा पुरावा ठरलंय. तुझ्यासारखं कोणी वागू शकतं, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. माझ्यासारखं कोणी वागू शकतं, यावरही नाही. मीच ते केलं नसतं तर माझाही बसला नसता.

म्हणून हे लिहितोय. जे वाचतील त्यांना तुझं नाव ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या पोरांना तू शिकवत होतास, पण ती पोरं शाळेतून गेली ती माझ्यामुळे. कोणाला वाचून दाखवायला सांगावं म्हटलं तर ते पुन्हा म्हणतील, भला माणूस, मित्रासाठी कागदावरसुद्धा लिहून दिलं.

मला निरोप द्यायला लाडकी ओहळापर्यंत आली होती. पलीकडे जाईपर्यंत हात जोडून उभी होती. दामू, त्या पाड्यावर आता मी चांगला माणूस आहे आणि तू नाहीस.